सुरवंटांची चित्रं काढणारी मारिया

तूर फुलोऱ्यात आली की आपण वाकून वाकून अळी शोधतो. अंडी, अळी, कोष, पतंग हे आता आपल्या लेकरांच्या पुस्तकातही असतं. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातली शिकलेली माणसंसुद्धा म्हणत, किडे चिखलातून, कुजक्या घाणीतून आपोआप होतात. हा समज खोडून काढणाऱ्यांत एक बाई होती, मारिया सिबिला मेरियान.

मारिया १६४७ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टला जन्मली. सावत्र वडील चित्रकार. त्यांच्या हाताखाली ती रंगकाम शिकली. तेराव्या वर्षी ती रेशमाच्या अळ्यांचं निरीक्षण करू लागली. तुतीचा पाला खाऊन अळी वाढते, कोष करते, त्यातून पतंग निघतो. आपल्यातल्या रेशीमशेती करणाऱ्या बायांना हे रोजचंच. मारिया मग इतर अळ्याही घरी आणून पाळू लागली. कोणती अळी कोणता पाला खाते, कोष कधी करते, सगळं लिहायची, चित्र काढायची. लग्न झालं, दोन मुली झाल्या, तरी हे काम सुटलं नाही.

१६७९ साली तिचं सुरवंटांवरचं पुस्तक निघालं. तेव्हा विद्वान लॅटिनमध्ये लिहीत, तिनं लोकांच्या जर्मन भाषेत लिहिलं. अळी, कोष, पतंग आणि अळीचं खाद्य असलेलं झाड, सगळं एकाच चित्रात दाखवलं.

पुढे ती नवऱ्यापासून वेगळी झाली. १६९९ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, चित्रं विकून पैसे उभे केले आणि धाकट्या मुलीला घेऊन जहाजानं दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. दोन वर्षांनी आजारपणामुळे परतावं लागलं. १७०५ साली तिथल्या किड्यांवरचं ६० चित्रांचं पुस्तक आलं. पुढे लिनियस या शास्त्रज्ञानं जीवांना नावं देताना तिच्या चित्रांचा आधार घेतला. १७१७ साली ती ॲमस्टरडॅमला वारली.

सुरिनाममध्ये तेव्हा डच लोकांचे उसाचे मळे होते. आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम तिथं राबत. त्यांनी आणि तिथल्या आदिवासींनी मारियाला जंगलात वाट करून दिली, झाडापाल्याची माहिती दिली. आपण ज्याला शंकासूर म्हणतो, त्या फुलझाडाबद्दल तिनं लिहून ठेवलंय. पोटचं मूल गुलामीत जन्मू नये म्हणून गुलाम बाया त्याच्या बिया घेऊन गर्भ पाडत. हे त्या बायांनीच तिला सांगितलं होतं. (असलं कुणी करून बघू नका, जिवावर बेतेल.) त्यांचं दुःख पुस्तकात आलं, त्यांची नावं मात्र आली नाहीत.

म्हणून आम्हाला वाटतं, गटाच्या वहीत हप्त्यांसोबत एक पान यासाठी ठेवूया. कोणत्या पिकावर कोणती अळी, कोणत्या तारखेला दिसली, आणि जिनं पाहिली तिचं पूर्ण नाव.