क्लार्क की

क्लार्क की हा सिंगापूर नदीच्या उत्तर काठावरील ऐतिहासिक धक्का असून सध्या तो उपाहारगृहे, मद्यालये व रात्रीच्या करमणुकीसाठी प्रसिद्ध आहे. ‘की’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ गलबते लागण्याचा धक्का असा होतो. १८७३ ते १८७५ या काळात स्ट्रेट्स सेटलमेंट्सचे गव्हर्नर असलेले सर अँड्र्यू क्लार्क यांच्या नावावरून या धक्क्यास हे नाव मिळाले.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात सिंगापूरचा व्यापार प्रामुख्याने याच नदीवर चाले. समुद्रात नांगरलेल्या जहाजांवरील माल लहान होड्यांमध्ये उतरवून काठावरील गोदामांत आणला जाई. या होड्यांच्या नाळेवर डोळे रंगविण्याची प्रथा होती. त्यांमुळे होडीला वाट दिसते, अशी समजूत होती. येथील रीड पूल १८८९ मध्ये पूर्ण झाला. दिवसभराच्या कष्टांनंतर चिनी श्रमिक सायंकाळी या पुलाजवळ जमून कथेकऱ्यांच्या तोंडून गोष्टी ऐकत असत.

नदीची स्वच्छता

होड्यांचे तेल, फेरीवाल्यांचा कचरा, सांडपाणी आणि वराहपालनाची घाण यांमुळे नदी अत्यंत प्रदूषित झाली होती. पंतप्रधान ली क्वान यू यांनी १९७७ मध्ये दिलेल्या आवाहनानंतर स्वच्छतेची मोहीम सुरू झाली व ती १९८७ पर्यंत चालली. काठावरील झोपड्यांतील कुटुंबांना सरकारी सदनिकांत आणि फेरीवाल्यांना बांधीव खाद्यकेंद्रांत हलविण्यात आले. १९८३ मध्ये मालवाहू होड्या पासिर पांजांग येथे नेण्यात आल्या. नदीत मासे परतले. मात्र ज्यांच्या श्रमांवर हा काठ उभा राहिला होता, त्यांचे जीवन तेथून कायमचे हलले.

पुनर्विकास

१९८९ मध्ये या परिसरास संवर्धित क्षेत्राचा दर्जा मिळाला. जुनी गोदामे न पाडता त्यांची डागडुजी करण्यात आली आणि १९९३ मध्ये हा परिसर करमणूक केंद्र म्हणून खुला झाला. २००६ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात ब्रिटिश वास्तुविशारद विल ऑल्सॉप यांच्या आराखड्यानुसार गल्ल्यांवर छत्रीच्या आकाराची भव्य पारदर्शक छते उभारण्यात आली. त्यांमुळे विषुववृत्तीय ऊन व पाऊस यांपासून संरक्षण मिळते. कोविड साथीच्या काळात २०२० पासून बंद असलेली नाइट क्लब एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यानंतरच्या नूतनीकरणात दिवसाही गजबजलेला परिसर घडविण्यावर भर देण्यात आला.

भेट

२००३ मध्ये सुरू झालेले ‘क्लार्क की’ मेट्रो स्थानक नदीच्या दक्षिण काठावर आहे. तेथून पूल ओलांडून येथे चालत जाता येते. दिवे लागल्यानंतर परिसर विशेष गजबजतो. जुन्या होड्यांच्या घाटणीच्या नौकांतून नदीची फेरी करता येते. मद्य विकत घेण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. १ एप्रिल २०१५ पासून रात्री १०.३० ते सकाळी ७ या वेळेत सार्वजनिक ठिकाणी मद्यपानास बंदी असून परवानाधारक मद्यालयांत मात्र ठरलेल्या वेळेपर्यंत ते चालते. या कायद्यापूर्वी रीड पुलावर रात्री तरुणांची मोठी गर्दी जमत असे. कथा ऐकणाऱ्या श्रमिकांप्रमाणे तीही आता इतिहासजमा झाली आहे.