जिन, मजनून आणि कामठीचे ताजुद्दीन बाबा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय.

मी सातवी-आठवीत असेन. भंडाऱ्यात आमच्या शेजारच्या एका दादाने स्वतःच्या आईच्या डोक्यात पितळेचा गडवा हाणला. टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर चाची दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "मेरे बच्चे ने नहीं मारा, जिन ने मारा." आमचे बाबा घरात येऊन हळूच म्हणाले, "म्हणजे पोलिसांत जिनाचं नाव लिहायचं का?" तेव्हा हसलो. आता वाटतं, बाबांनी नकळत हजार-बाराशे वर्षं जुना वाद उकरला होता.

आधी जिन म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे जिन म्हटलं की भूतच डोळ्यांसमोर येतं. पण कुराणातला जिन मेलेल्या माणसाचा आत्मा नाही. माणूस मातीपासून आणि जिन धूर नसलेल्या आगीपासून, अशी ती वेगळी निर्मिती आहे. ७२ व्या सूरहचं नावच 'अल-जिन्न'. त्यात जिनांची एक टोळी कुराण ऐकते आणि श्रद्धा ठेवते. आमच्यात चांगलेही आहेत आणि वाईटही, असं ते स्वतःच सांगतात. म्हणजे माणसासारखीच निवड त्यांनाही आहे, आणि निवड आहे म्हणून हिशेबही आहे.

इब्लिसही १८ व्या सूरहप्रमाणे जिनांपैकीच. १४ व्या सूरहच्या २२ व्या आयतीत न्यायाच्या दिवशी सैतान आपल्या मागे आलेल्यांनाच सुनावतो. आशय असा, की माझी तुमच्यावर सत्ता नव्हती, मी फक्त बोलावलं, तुम्ही आलात, तेव्हा दोष स्वतःला द्या. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तो इनपुट देऊ शकतो, रूट अ‍ॅक्सेस त्याच्याकडे नाही.

मग चाचीचं म्हणणं खोटं का? इतकं सोपं नाही ते. अरबीत वेड्याला 'मजनून' म्हणतात (आपला लैला-मजनूतला मजनू तोच). मजनून, जिन, एवढंच काय, पोटातला गर्भ म्हणजे 'जनीन', हे सगळे एकाच धातूतून आले. अर्थ झाकणं, दडणं. ज्याच्या बुद्धीवर झाकण पडलं तो मजनून. आणि एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा, की तिघांचा हिशेब लिहिला जात नाही: झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि वेडा शुद्धीवर येईपर्यंत. झाकण नेमकं कशाने पडलं, हा प्रश्न तिथे येतच नाही.

बसऱ्याच्या मुतझिला पंथाचं म्हणणं होतं, देव न्यायी आहे तर माणसाची कृत्यं माणसाचीच असली पाहिजेत, नाहीतर शिक्षा कसली? त्यांच्यातच वाढलेला अल-अशअरी पुढे फुटला. त्याची एक गोष्ट सांगितली जाते. तीन भाऊ मेले: एक श्रद्धाळू, एक नास्तिक, एक लहानपणीच. लहानगा देवाला म्हणाला, मला जगू दिलं असतं तर मीही पुण्य कमावलं असतं. उत्तर मिळालं, तू मोठा होऊन पाप करणार होतास. तेवढ्यात नरकातून दुसरा ओरडला, मग मला का नाही लहानपणीच उचललंस? गुरू जुब्बाई गप्प. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ती जिंकणाऱ्यालाही उत्तर देत नाही. अशअरींनी नंतर म्हटलं की कृत्य निर्माण करतो देव, माणूस ते फक्त 'कमावतो'. हे कोडं मला अजून नीट उलगडलेलं नाही, खोटं कशाला बोलू.

आता आपल्या भागात येऊ. भंडारा रोडहून रेल्वेने नागपूरला जाताना आधी कामठी लागतं. ताजुद्दीन बाबांचा जन्म तिथला, १८६१ चा. ते फौजेत होते, नोकरी सोडली. त्यांचं वागणं लोकांना वेडसर वाटू लागलं आणि १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकण्यात आलं. लोक दर्शनाला तिथेच जाऊ लागले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यावर नेलं. सोळा वर्षं! सरकारच्या वहीत वेडा, लोकांच्या लेखी वली. १९२५ साली ते गेले. आज ताजाबादला सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात, आमची आजीसुद्धा जायची.

कायद्यालाही जिनाशी देणंघेणं नाही. १८६० च्या दंडसंहितेचं ८४ वं कलम (आता न्यायसंहितेचं २२ वं) विचारतं ते एवढंच: मनोविकारामुळे त्या क्षणी आपण काय करतोय, ते चूक आहे, हे कळण्याची शक्ती होती का? हदीसमधला प्रश्न याच्यापासून फार लांब नाही. पण भूत काढतो म्हणून साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा दर्ग्याजवळच्या आश्रमात साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळताच आलं नाही. इच्छास्वातंत्र्यावर बोलताना मला पुस्तकांआधी तेच आठवतात.

चाचीने दादाला कधी बांधू दिलं नाही. ताजाबादला नेलं, तावीज बांधला, आणि एका मामूच्या आग्रहाने मानसोपचाराच्या डॉक्टरकडेही नेलं. गोळ्या सुरू आहेत. मागच्या दिवाळीत भेटला, दुकानात बसतो. मी विचारलं नव्हतं, तोच म्हणाला, "उस दिन का मुझे कुछ याद नहीं. पर अम्मी के टाके दिखते हैं ना."