शेजाऱ्याला सांगू नका

१ मे २०१७. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन मिळून एकच सुट्टी, तीही सोमवारी. एमआयडीसीतल्या तुमच्या कंपनीचं गेट आज बंद. तळेगावातून निघून सोमाटणे फाटा मागे टाकलात की जुन्या हायवेवरून गहुंज्याच्या स्टेडियमचे दिवे दिसू लागतात. पार्किंग लांब, वावरात. तिथून धुरळा तुडवत चालायचं.

एक अट आहे. तुम्ही पुढच्या काळातून आलाय, तेव्हा तोंड बंद ठेवायचं.

शेजारी वडगावचा एक पोरगा बसलाय, अंगात चेन्नईचा पिवळा टीशर्ट, पाठीवर ७. रायझिंग पुणे सुपरजायंटच्या आयपीएल मॅचला हा पिवळा कशाला, असं तुम्ही विचारता. "काका, हा संघ दोनच वर्षांचा. माही कायमचा." चेन्नई आणि राजस्थानवर बंदी आहे तोवरची ही सोय, हे त्याला पक्कं ठाऊक. २०१६ मध्ये माही, म्हणजे धोनीच, कर्णधार होता, आठांत सातवा नंबर आला. त्यात दुष्काळामुळे हायकोर्टाने सामने राज्याबाहेर हलवायला लावले आणि पुण्याचं 'घर' विशाखापट्टणमला गेलं. अमेरिकेत बेसबॉलचा संघ हंगामात १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरी. आपल्या वाट्याला सात, तेही पाऊसपाणी बरं असेल तर. एवढ्यात माया लागणार कशी? तरी लागते, हे या हंगामाचं नवल.

गुजरात लायन्स १६१ वर सर्वबाद. म्हणजे लक्ष्य १६२. बेसबॉलवाल्यांना आवडला असता हा आकडा.

रहाणे गेला. कर्णधार स्टीव्ह स्मिथ गेला. मनोज तिवारीही गेला. १० ला ३. मग राहुल त्रिपाठी, ४२ ला ४. पुढच्या रांगेतली पाच-सहा पोरं डोक्याला हात लावून बसलीत. शेव्हरोलेच्या प्लांटमधली, बोलण्यावरून कळतंच. "साडेचौदा कोटी दिलेत, आता तरी खेळ म्हणावं!"

बेन स्टोक्स खेळतो. आधी नीट बघून, धोनीबरोबर ७६ धावा जोडत. मग उचलून मारायला लागतो. एक सिक्स अशी येते की पिवळा पोरगाही खुर्चीवर चढतो. शेवटी शेवटी स्टोक्सच्या पायात गोळे येतात, पळवत नाही. मग पळायचंच कशाला, असा त्याचा पवित्रा. ६३ चेंडूंत नाबाद १०३, सात चौकार, सहा षटकार. एक चेंडू राखून डॅन ख्रिश्चन षटकारानेच सामना संपवतो आणि अनोळखी माणसं तुमच्या गळ्यात पडतात.

ठाऊक असलेलं सगळं आता घशाशी येतं. मुंबईला या हंगामात तीनदा हरवणारा हा संघ २१ मेला हैदराबादच्या फायनलमध्ये त्याच मुंबईचे १२९ गाठताना १२८ वर अडकेल. स्टोक्स तोवर इंग्लंडला परतलेला असेल. पुढच्या वर्षी संघ नसेल. कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटेल आणि धोनीची चेन्नई गहुंज्यालाच घर मानून खेळेल. पिवळा टीशर्ट फुकट जाणार नाही.

पण ही पुढची रांग? १८ मेला, फायनलच्या तीन दिवस आधी, शेव्हरोले बनवणारी जनरल मोटर्स भारतात गाड्या विकणं थांबवत असल्याचं जाहीर करेल. तळेगावचा प्लांट निर्यातीसाठी चालेल आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबेल. एका धावेच्या हारीचं दुःख आपण उगाच मोठं करतो.

बाहेर पडताना त्यातला एक जण घसा बसलेल्या आवाजात विचारतो, "काका, जाणार ना आपण फायनलला?"

एवढं सांगायला हरकत नाही. "जाणार."

तो मोबाइलमध्ये कॅलेंडर काढतो. "रविवार आहे! रजा टाकायची गरजच नाही."