औंध संस्थान : स्वराज्य राज्यघटना

(1939–48). सातारच्या जहागिरींपैकी पंतप्रतिनिधींचे संस्थान. गावे 72, तीही एकसंध नाहीत. औंध, कुंडल, आटपाडी व विजापूरकडील गुणदाळ असे तुकडे. माणदेशात आटपाडीचा दुष्काळी टापू (आता सांगली जिल्हा) औंधकडे, तर शेजारचा माण तालुका इंग्रजी मुलखात होता.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब (1868–1951) यांच्याकडे गादी 1909 मध्ये आली. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. शाळांतून नमस्कार घालावे लागत ते दरबारच्या हुकमाने, आणि राज्यघटनाही तशीच वरून आली, हे विसरू नये. 1938 च्या अखेरीस त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. 21 जानेवारी 1939 रोजी घटनेचा कायदा झाला. मसुद्यामागे गांधीजींचा सल्ला, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन (भारतानंद) हे होते. रचना खालून वर : गावपंचायत, तीतून तालुका पंचायत, तीतून विधिमंडळ. राजा हा प्रजेचा पहिला सेवक, ही त्यामागची भूमिका.

त्याच हिवाळ्यात राजकोट संस्थानात नेमके उलटे घडत होते. लाखाजीराजांनी 1923 मध्ये प्रजा प्रतिनिधी सभा दिली होती. त्यांचा मुलगा ठाकोरसाहेब धर्मेंद्रसिंह व दिवाण वीरावाळा यांच्या काळात ती निकालात निघाली. 26 डिसेंबर 1938 चा वल्लभभाईंशी झालेला करारही ठाकोरसाहेबांनी मोडला व मार्च 1939 मध्ये गांधीजींना उपोषण करावे लागले. राजाच्या मर्जीवर उभी असलेली सभा वारसाबरोबर कोसळते. औंधात राजाचा मुलगा स्वतः मसुदा लिहिणाऱ्यांत होता. प्रस्तुत लेखकाच्या मते हा फरक राजाच्या औदार्यापेक्षा मोठा आहे.

स्वतंत्रपूर : आटपाडीजवळच्या उजाड माळावर 1939 मध्ये कैद्यांची खुली वसाहत उभारली. भिंत नाही. कैदी कुटुंबासह राहत, शेती करीत. वसाहत आजही कारागृह विभागाकडे आहे. याच भागातील माडगुळे गावचे ग. दि. माडगूळकर यांनी हा विषय ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटासाठी लिहिला. औंधचे नाव बाहेर गेले ते बहुतेक यामुळे. पंचायतींची आठवण मात्र पुस्तकांत राहिली. त्यांतले एक, राजाच्या बाजूचे, खुद्द अप्पासाहेबांचे आहे आणि वाचताना ते ध्यानात ठेवावे.

प्रतिसरकार : 1942 नंतर कुंडल हे नाना पाटलांच्या समांतर सरकारच्या चळवळीचे एक मुख्य केंद्र.

फलटण, जत : त्या त्या नोंदी पहा.

8 मार्च 1948 रोजी दख्खनच्या इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. अप्पासाहेब पुढे परराष्ट्र सेवेत गेले.