आडनावे व वंशावळी : मराठी प्रदेश

वडिलांकडून मुलांकडे येणारे, कुळाची ओळख सांगणारे उपनाव म्हणजे आडनाव, आणि एखाद्या मूळपुरुषापासून पुढील पिढ्यांची क्रमवार मांडणी म्हणजे वंशावळ. मराठी प्रदेशात या दोहोंचे नाते वरवर दिसते तितके सरळ नाही. कारण आज स्थिर भासणारी पुष्कळ आडनावे हुद्दा, वतन किंवा गाव यांवरून पडलेली आहेत, आणि त्यामुळे एकाच कुळाच्या शाखा निरनिराळ्या आडनावांनी वावरू लागल्या, तर परस्परांशी रक्ताचा संबंध नसलेली कुळे एका आडनावाखाली आली.

पाटील व कुलकर्णी ही गावची, तर देशमुख व देशपांडे ही परगण्याची वंशपरंपरागत पदे होती. ज्याच्याकडे वतन त्याला ते नाव, असा व्यवहार असल्याने पाटील हे आडनाव अनेक जातींत व कुलकर्णी हे अनेक गोत्रांत आढळते. चिटणीस, फडणीस, सबनीस, पारसनीस ही नावे दरबारी लेखनकामाची असून त्यांतील ‘नीस’ हा अंश लिहिणारा या अर्थाच्या फारसी ‘नवीस’पासून आला आहे. पेशव्यांचे मूळ आडनाव भट आणि नाना फडणीसांचे भानू. दोन्ही घराण्यांत पदाने कुळाच्या नावाची जागा घेतली. ग्रामनामाला ‘कर’ प्रत्यय लागून झालेली आडनावे सर्वांत विपुल आहेत. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर आणि गोव्यातील मंगेशीवरून मंगेशकर ही त्यांची परिचित उदाहरणे होत; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कुळाचे आडनाव सकपाळ असून गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे होते. असे आडनाव बहुधा गाव सोडल्यानंतरच पडते, कारण त्याच गावात सारेच तेथले असल्याने ते कोणालाही वेगळे ओळखू देत नाही. म्हणून ‘कर’युक्त आडनाव हा प्रामुख्याने स्थलांतराचा पुरावा समजावा, वंशाचा नव्हे. घोरपडीच्या साहाय्याने गड चढल्यावरून घोरपडे हे नाव मिळाले, यांसारख्या कथा मात्र परंपरा म्हणूनच घ्याव्यात.

गोत्र अनेक कुळांना समान असते, तर मराठा व अन्य कित्येक जातींत सोयरीक ठरवताना देवक, म्हणजे लग्नकार्यात पूजले जाणारे कुळाचे चिन्ह (कळंब, पंचपल्लव इ.), पाहिले जाते. वंशशोधात आडनावाच्या जोडीला देवक, कुलदैवत व मूळ गाव यांचा मेळ बसतो की नाही हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

लेखी साधनांचा मोठा भाग वतनाच्या भांडणांतून निर्माण झाला. करीना म्हणजे घराण्याच्या वतनाची पूर्वपीठिका सांगणारी हकीकत (जेधे करीना हा त्याचा प्रसिद्ध नमुना), आणि महजर म्हणजे सभेपुढे झालेल्या निवाड्याचा लेख. पुढे ब्रिटिश काळात इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनच्या चौकशीत, विशेषतः १८५२ च्या कायद्यानंतर, इनामदारांना सनदांबरोबर वंशावळीही सादर कराव्या लागल्या. हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिलेल्या या कागदांत प्रतिस्पर्धी शाखा गाळण्याची प्रवृत्ती दिसते, मुली क्वचितच येतात, आणि ज्यांना वतन नव्हते ते तर जवळजवळ अनुपस्थितच असतात. हे कागद बहुतांशी मोडी लिपीत असून पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर व भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) येथे त्यांचे मोठे संग्रह आहेत. तंजावरच्या भोसल्यांनी तर आपला वंशेतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये मराठीत कोरवला.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांची नावे गाववार लिहिलेली असतात. दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकात हेळवी जमातीचे लोक गावोगाव फिरून आपल्या आश्रयदात्या कुळांच्या पिढ्या वाचून दाखवतात. विसाव्या शतकात छापलेले कुलवृत्तांत, त्यांत चित्पावन कुळांचे पुष्कळ, या साऱ्या साधनांना टपालाने मागवलेल्या माहितीची जोड देतात. सुनांची माहेरे नोंदवणे हा त्यांचा लक्षणीय विशेष होय.

गोव्यात सोळाव्या शतकापासून बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनाव, बहुधा धर्मपित्याचे, दिले जाई. तथापि गावकरीतील (सामुदायिक ग्रामसंस्थेतील) वांगड, म्हणजे हक्कदार कुळगट, टिकून राहिल्याने जुन्या कुळाचा धागा तेथे सापडू शकतो. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांत पित्याचे नावच पुढे आडनाव बनल्याची उदाहरणे आहेत. त्यांच्या शोधासाठी मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील आप्रवासी नोंदी उपयोगी पडतात.

अलीकडे वंशावळीला नवे प्रयोजन लाभले ते जातप्रमाणपत्रांमुळे. मराठा अर्जदारांना कुणबी जातप्रमाणपत्र देण्यासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या शोधात कोतवाल बुके, गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी व शाळांचे दाखले यांतील कुणबी नोंदी तपासण्यात आल्या. अशा नोंदींत पुष्कळदा केवळ व्यक्तीचे व वडिलांचे नाव आढळते, आडनाव लिहिलेलेच नसते. त्यामुळे अर्जदाराशी नाते जुळवताना जमिनीचे फेरफार, वारसनोंदी आणि गावातील वडीलधाऱ्यांची साक्ष यांचा आधार घ्यावा लागतो.