वेतनाचे अतिप्रदान व वसुली (पांढुर्णा-सौंसर)

देय रकमेपेक्षा जास्त पगार चुकून दिला जाणे म्हणजे वेतनाचे अतिप्रदान. मध्य प्रदेशाच्या कार्यालयीन हिंदीत त्याला ‘अधिक भुगतान’ म्हणतात. जादा रक्कम परत करावी लागते का, याला एकच उत्तर नाही. चूक कोणाची, हा प्रश्न लोक आधी विचारतात. पण निकाल बहुधा तीन गोष्टींवर लागतो : नोकरी सरकारी की खाजगी, चुकीला किती वर्षे झाली, आणि कर्मचाऱ्याने कशावर सही केली आहे.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले. सौंसर आणि पांढुर्णा हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. 5 ऑक्टोबर 2023 रोजी हे दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. नागपूर हाताशी असले, तरी इथल्या शिक्षकाला, पटवाऱ्याला किंवा आरोग्य कर्मचाऱ्याला वसुलीविरुद्ध दाद मागायची तर जबलपूरचे उच्च न्यायालय गाठावे लागते. नियम मध्य प्रदेशाचे आणि कागद हिंदीत. घरी मराठी बोलणारा माणूस सेवापुस्तकातील नोंद आणि जादा रक्कम परत करण्याचे छापील वचनपत्र कितपत बारकाईने वाचतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मूळ तत्त्व. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 72 नुसार चुकून मिळालेला पैसा परत करणे बंधनकारक आहे. खात्यात आला म्हणून तो आपला होत नाही. परत मागितल्यावरही तो जाणूनबुजून दडवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली अप्रामाणिक अपहाराचा प्रश्न उभा राहू शकतो. चुकीच्या कारणावरून पैसे परत मिळवण्याच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत साधारणपणे चूक उघडकीस आल्यापासून, किंवा नीट लक्ष दिले असते तर जेव्हा उघडकीस आली असती तेव्हापासून, मोजली जाते.

खाजगी नोकरी. सौंसर तालुक्यातील बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातले कारखाने, त्यांचे ठेकेदार, मँगनीजच्या खाणी, पांढुर्ण्यातील दुकाने आणि संत्र्याचा व्यापार हे इथले खाजगी रोजगार. इथल्या चुका साध्या असतात : गैरहजेरीचे दिवस कापायचे राहतात, ओव्हरटाइम दोनदा चढतो, नोकरी सोडून गेलेल्याचाही पगार जमा होतो. वेतन प्रदान अधिनियम, 1936 च्या कलम 7 ने जादा दिलेले वेतन पगारातून वळते करण्याची मुभा मालकाला दिली होती. त्या कायद्याचा लाभ 2017 पासून महिना 24,000 रुपयांपर्यंतच्या वेतनालाच होता. 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झालेल्या वेतन संहिता, 2019 ने ही मर्यादा काढली. कपातीची मुभा कलम 18 मध्ये कायम आहे, आणि सर्व कपाती मिळून त्या वेतनकाळातील वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत ही अटही त्यातच आहे. 18,000 रुपये वेतन असेल, तर भविष्यनिर्वाह निधीसह सगळी कपात 9,000 च्या आत राहिली पाहिजे. एका महिन्यात पूर्ण पगार गोठवणारा मालक बेकायदा वागतो, भले मूळ रक्कम त्याचीच असो. अशा कपातीविरुद्ध पूर्वी बारा महिन्यांत अर्ज करावा लागे. संहितेने ही मुदत तीन वर्षे केली. प्राधिकारी दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो.

हंगामी तोडणीच्या कामात पगारपत्रकच नसते. तिथे उचल आणि जादा दिलेली रक्कम एकाच वहीत, एकाच ओळीत मिसळते. मग वसुली चुकीची होती की उचलीची, हे सिद्ध करणे मजुराला जवळजवळ अशक्य होते. कायदा इथे कागदावर आहे आणि कागदच नाही, अशी अवस्था आहे.

सरकारी नोकरी. वाद खरा इथे आहे, कारण इथली चूक वर्षानुवर्षे दडून राहते. सहावा वेतन आयोग (1 जानेवारी 2006 पासून), सातवा (1 जानेवारी 2016 पासून), क्रमोन्नती, समयमान वेतनमान (पदोन्नतीशिवाय मिळणारी वरची वेतनश्रेणी) अशा प्रत्येक टप्प्यावर वेतन नव्याने निश्चित होते. एखाद्या वेतनवाढीची तारीख चुकली, तर पुढची सगळी गणिते त्या चुकीवर उभी राहतात. निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तक तपासणीला जाते तेव्हा ती सापडते. पेन्शनच्या कागदांसोबत लाखाचा आकडा येतो, कधी व्याजासह.

सर्वोच्च न्यायालयाचे मत या बाबतीत एकरेषीय नाही. चंडीप्रसाद उनियाल (2012) निकालात जादा दिलेला पैसा हा करदात्यांचा असल्याने तो वसूल करता येतो, अशी भूमिका होती. 18 डिसेंबर 2014 च्या पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या निकालाने वसुली कुठे करू नये, याच्या पाच परिस्थिती सांगितल्या : तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणारे, पाच वर्षांहून अधिक काळ दिलेली जादा रक्कम, वरच्या पदाचे काम चुकीने करवून घेऊन त्याचे दिलेले वेतन, आणि न्यायालयाला वसुली अन्याय्य, कठोर किंवा मनमानी वाटेल अशी इतर प्रकरणे. त्या कर्मचाऱ्याने फसवणूक केलेली नसावी, हे गृहीत आहे. 1999 मध्ये निवृत्त झालेल्या केरळच्या थॉमस डॅनियल या शिक्षकाला 2022 मध्ये याच विचाराने दिलासा मिळाला. हे संरक्षण शासकीय नोकरीतल्या वादांतून घडले आहे. बोरगावच्या कामगाराने ते आपोआप आपल्याला लागू होते असे समजू नये.

या ढालीला मोठी भेग पाडली ती 29 जुलै 2016 च्या जगदेव सिंग निकालाने. सुधारित वेतनश्रेणी घेताना ‘जादा रक्कम निघाल्यास परत करीन’ असे लिहून दिले असेल, तर निवृत्तीनंतरही वसुली होऊ शकते, असे न्यायालयाने ठरवले. मात्र ती दोन वर्षांत मासिक हप्त्यांनी करण्यास सांगितले. तो कर्मचारी न्यायिक अधिकारी होता. शिपायाच्या किंवा सहायक शिक्षकाच्या सहीला तेच वजन द्यावे का, हा प्रश्न त्यानंतर देशभर गाजला.

मध्य प्रदेशापुरते उत्तर जबलपूरच्या पूर्णपीठाने 6 मार्च 2024 रोजी जगदीश प्रसाद दुबे प्रकरणात दिले. वेतन पुनर्निश्चितीचा लाभ घेण्याआधी दिलेल्या वचनपत्राच्या आधारे वसुली करता येते, पण कर्मचाऱ्याच्या हालाखीचा विचार करावा लागतो. मध्य प्रदेश नागरी सेवा (पेन्शन) नियम, 1976 च्या नियम 65 खाली वसुली करायची, तर त्या नियमांच्या प्रकरण आठमधील संपूर्ण कार्यपद्धती पाळली पाहिजे. फार पूर्वी दिलेल्या वेतनसुधारणेची वसुली मात्र या नियमाने करता येत नाही. आणि पांढुर्ण्याच्या निवृत्त होणाऱ्या माणसासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग : निवृत्तीचे पैसे देताना, दशकांपूर्वीच्या वेतननिश्चितीसाठी घेतलेले वचनपत्र अंमलात आणता येत नाही. म्हणजे सही आहे की नाही एवढ्यावर थांबून चालत नाही, ती कधी घेतली ते पाहावे लागते. 2009 किंवा 2017 मध्ये वेतनसुधारणेच्या लाभासोबत दिलेली सही वेगळी आणि पेन्शन अडवून धरून घेतलेली वेगळी. हा फरक योग्य आहे. गरजेपोटी टेकीस आलेल्या माणसाची सही त्याच्या इच्छेची मानणे कठीणच.

व्यवहारात. जादा रक्कम लक्षात आल्याबरोबर लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. पुढे प्रामाणिकपणावर शंका आलीच तर तो कागद उपयोगी पडतो. वसुलीची मागणी आल्यास महिनावार गणना मागावी, कारण आकडा अनेकदा ढोबळ असतो. रक्कम त्याच आर्थिक वर्षात परत केली तर कर आणि भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब दुरुस्त करणे सोपे जाते. वर्ष उलटले की तेच काम किचकट होते. कोऱ्या किंवा न वाचलेल्या वचनपत्रावर सही करू नये, आणि सेवापुस्तकाची प्रत निवृत्तीच्या वर्षाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावी.

पांढुर्ण्यात राहून वरूड किंवा नागपूरला महाराष्ट्र शासनाची नोकरी करणाऱ्यांना पूर्णपीठाचा हा निर्णय बंधनकारक म्हणून लागू होत नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधील नियम 134-अ आहे; त्याखाली निवृत्तिवेतनातून वसुली करण्यापूर्वी कारणे दाखवण्याची संधी द्यावी लागते, आणि त्यांचा वाद आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे आणि नंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे येतो.