काचतंतूंची मोटार : कापून पुन्हा सांधता येणाऱ्या कवचाचा इतिहास

१९८२ साली बंगळुरूच्या सिपानी ऑटोमोबाइल्सने डॉल्फिन ही चिमुकली मोटार बाजारात आणली, तेव्हा भारतीय रस्त्यांवर अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचेच राज्य होते. डॉल्फिनचा आराखडा इंग्लंडच्या रिलायंट किटन या मोटारीचा. इंजिन ८४८ घन सेंमीचे, अ‍ॅल्युमिनियमचे. खाली पोलादी चासी आणि वर काचतंतूंचे, म्हणजे फायबरग्लासचे कवच. त्यापूर्वी याच उद्योगाने बादल ही तीनचाकी मोटारही फायबरग्लासमध्येच घडवली होती. पोलाद सोडून काच का, हा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला असणार. त्याचे उत्तर रसायनशास्त्रापेक्षा हिशेबाच्या वहीत अधिक सापडते.

पोलादी पत्र्याला आकार द्यायचा तर प्रचंड दाबयंत्रे आणि महागडे साचे लागतात. तो खर्च लाखभर मोटारींवर वाटला गेला, तरच परवडतो. एकदा तो केला की पत्रा काही सेकंदांत आकार घेतो. फायबरग्लासचे याच्या अगदी उलट. साचा लाकूड, प्लास्टर किंवा फायबरग्लासचाच करता येतो, तो स्वस्त पडतो. पण प्रत्येक नग माणसाने हाताने चटई अंथरून, राळ भिजवून, तासन्‌तास खपून काढायचा. थोड्या मोटारी काढणाऱ्या देशांना हे गणित मोहवणारे होते. रिलायंटने इस्राएल आणि तुर्कस्तान येथेही अशा मोटारींच्या उभारणीला साहाय्य केले. तुर्कस्तानची अनाडोल १९६६ पासून तयार होऊ लागली आणि तिचे कवच बैल खातात, अशी वदंता पसरली! नव्या पदार्थाविषयीचा लोकांचा अविश्वास याहून नेमका कोठे नोंदलेला माझ्या पाहण्यात नाही.

काचतंतूंचे औद्योगिक उत्पादन अमेरिकेत १९३० च्या दशकात स्थिरावले. पॉलिएस्टर राळेची जोड मिळाल्यावर बोटी आणि मग मोटारी आल्या. शेव्हरलेची कॉर्व्हेट १९५३ ची. इंग्लंडमध्ये याच सुमारास घरगुती मोटारबांधणीला उधाण आले. सुट्या भागांच्या संचावर खरेदी कर नसे, म्हणून लोक जुन्या ऑस्टिन किंवा फोर्डच्या चासीवर विकतचे कवच चढवीत. संचासोबत जोडणीच्या सूचना देण्यास मनाई असल्याने लोटसने मोटार सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली आणि ती उलट वाचा म्हटले, असे सांगतात. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट मिटली. अमेरिकेत बोटी बांधणाऱ्या ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये मँक्स ही बग्गी घडवली. तिच्या संचाचे कवच बसवण्यासाठी फोक्सवॅगन बीटलचा तळ सुमारे ३७ सेंमी कापून आखूड करावा लागे.

येथेच खरी मेख आहे. कवच चासीवर ठेवताच नीट बसले, असे क्वचितच घडते. पॉलिएस्टर राळ घट्ट होताना तिचे आकारमान साधारण ५ ते ८ टक्क्यांनी आक्रसते. कवच घाईने साच्याबाहेर काढले, तर उरलेले आकुंचन मोकळ्या हवेत होते आणि ते पिळवटते. म्हणून जाणते कारागीर आधी चाके, बिजागऱ्या आणि स्टिअरिंग यांच्या जागा पक्क्या करतात, कारण त्या हलवता येत नाहीत. मग जेथे कवच अडते तेथे ते निःशंकपणे कापतात. चाकावरची कमान रुंद करायची असेल, तर ती कापून बाहेर ओढतात, मधली फट फोमने भरतात, फोम तासून वळण देतात आणि त्यावर काचेचे थर चढवतात.

हा सांधा मात्र दिसतो तितका सोपा नाही. घट्ट झालेल्या जुन्या राळेत रासायनिक बंध जुळण्यास फारसा वाव उरलेला नसतो. नवा थर मुख्यतः खडबडीत केलेल्या पृष्ठभागालाच धरून राहतो. त्यामुळे कडा जाडीच्या सुमारे बारापट रुंदीपर्यंत उतरती तासतात : ३ मिमी जाडीला ३६ मिमी. मेणाचा अंश राहिला की सांधा सुटतो. नुसती पुट्टी भरून फट झाकणे म्हणजे चीर पुढच्या खड्ड्यापर्यंत लांबवणे होय. शिवाय पेरॉक्साइडचा हार्डनर आणि कोबाल्टचा प्रवेगक एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. मिश्रण भडकते, प्रसंगी स्फोटही होतो. तासताना उडणारी काचेची धूळ आणि स्टायरीनची वाफ यांसाठी मुखवटा हवाच.

विद्यार्थ्यांनी एक हिशेब करून पाहावा. हाताने अंथरलेल्या फायबरग्लासचा स्थितिस्थापकता गुणांक ७ गिगापास्कलच्या आसपास, तर पोलादाचा २००. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३ मिमी फायबरग्लास आणि ०.८ मिमी पोलाद यांची तुलना केली, तर फायबरग्लास सुमारे १.८५ पट ताठ ठरतो. वजन मात्र दर चौरस मीटरला सुमारे ४.५ किलो, पोलादाचे ६.३. डॉल्फिन शर्यतवाल्यांना प्रिय झाली, ती या हलकेपणामुळे.

त्याच दशकात हाच पदार्थ आपल्याकडे निराळ्या उंचीवर पोहोचला होता. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत नेणाऱ्या एसएलव्ही-३ च्या वरच्या टप्प्यांची कवचे काचतंतू आणि इपॉक्सी यांची होती. तेथे अखंड तंतू ताणाच्या दिशेने गुंडाळलेले. मोटारीच्या चटईत ते तुकडे होऊन वाटेल तसे पडलेले. पदार्थ एक, शिस्त निराळी.

बाजारात मात्र डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मोठ्या संख्येचे गणित पोलादाच्या बाजूने झुकले. डॉल्फिनची पाच दारांची मोंटाना झाली, पण ती मागे पडत गेली. फायबरग्लास उरला तो शर्यतीच्या मैदानात. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन वापरून एकआसनी शर्यती मोटारी घडवल्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची मालिकाच सुरू झाली. परदेशी मोटार आणणे ज्यांच्या आवाक्यात नव्हते, अशा तरुणांना त्यामुळे दार उघडले. नारायण कार्तिकेयन त्यांपैकीच एक.

घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणणे आज भारतात अवघडच आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ नमुन्यातील फेरबदलांना आवर घालते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधिक काटेकोर मानले, आणि नव्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या बाहा आणि सुप्रा स्पर्धांना बंद मैदान असल्याने ही अडचण नाही. तेथे संगणकावर आखलेले नाक लोखंडी सांगाड्याला भिडत नाही, तेव्हा ग्राइंडर, चटई आणि राळेचा डबाच बाहेर निघतो.